बटण दाबून सांगितलं तरी ते बोलणंच: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

मागच्या अंकात ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांच्या शाळेबद्दल लिहिलं होतं आणि शेवटी विचारलं होतं की मोबाइल, टॅबलेट, टीव्ही यांचा तुमच्या घरी किंवा वर्गात काय अनुभव आहे ते कळवा. तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडून पत्रं आलीत, काहींनी व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज पाठवलेत, एका आईने तर वहीची चार पानं दोन्ही बाजूंनी भरून पाठवलीत. सगळ्यांना इथे जागा देता येणार नाही, पण ज्यांचे प्रश्न पुष्कळ घरांमधले आहेत ते घेतलेत. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न: आमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, अजून बोलत नाही. काही हवं असलं की माझा हात धरून ओढत नेतो, नाही समजलं तर डोकं आपटतो. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलाय. थेरपीवाल्या मॅडम म्हणताहेत मोबाइलमध्ये चित्रांचं ॲप टाका, तो चित्र दाबेल आणि मोबाइल बोलेल. सासूबाई म्हणतात मशीन बोलायला लागलं तर पोरगा कायमचा मुका राहील. आधीच मोबाइलसाठी रडतो. आम्ही घरात अहिराणी बोलतो, ॲप मराठीत आहे. थेरपीला एसटीने आठवड्यातून एकदाच जाणं होतं. काय करू?
(एक आई, पारोळा तालुका)

ताई, तुमच्या सासूबाईंची भीती मी गेली कितीतरी वर्षं ऐकतेय, अगदी शिकलेल्या माणसांकडून पण ऐकतेय, त्यामुळे त्यांच्यावर रागवू नका. पण ती भीती खरी नाही. चित्रांनी किंवा ॲपने बोलायला शिकवलं म्हणून तोंडाचं बोलणं थांबलं असं अभ्यासांमध्ये दिसलेलं नाही, उलट बऱ्याच मुलांमध्ये थोडं का होईना वाढलेलं दिसतं. त्यामागचं कारण समजायला सोपं आहे, पोराच्या डोक्यावरचा ताण कमी होतो, आणि मोबाइल तो शब्द दर वेळी एकाच आवाजात, एकाच चालीत म्हणतो, आपण माणसं कधी ओरडून म्हणतो, कधी लाडात म्हणतो, कधी घाईत अर्धाच म्हणतो. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते, ॲप वापरलं म्हणजे तो तोंडाने बोलेलच असं वचन मी देणार नाही आणि दुसरं कुणी देत असेल तर विश्वास ठेवू नका. पण तो त्याच्या मनातलं सांगू शकेल, आणि डोकं आपटतो ते बहुतेक करून सांगता येत नाही म्हणूनच आपटतोय. मात्र एकदा कान आणि दात तपासून घ्या, दुखत असलं तरी अशी मुलं आपटतात, आणि ऐकायची तपासणी झाली नसेल तर ती पण करून घ्या.

ॲपबद्दल. आयआयटी मुंबईच्या डिझाइनच्या विभागाने जेलो नावाचं ॲप केलंय, फुकट आहे, मराठीत आहे, त्यात एका बाजूला आवडतं, हो, अजून अशी बटणं आहेत आणि दुसऱ्या बाजूला नावडतं, नाही, कमी अशी, मधे चित्रं. चित्र दाबायचं, मग बाजूचं बटण दाबायचं, की पूर्ण वाक्य बोललं जातं. दुसरं आवाज म्हणून आहे, चेन्नईत तयार झालेलं, त्याला पैसे लागतात पण त्यात पुढे वाक्य जोडत जाता येतं. मी आधी फुकटातलं वापरून बघा म्हणते, मूल कसं घेतं ते कळलं की मग थेरपीवाल्या मॅडमशी बोलून ठरवा.

आता तुमचा भाषेचा प्रश्न, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण खान्देशात हा प्रश्न घरोघरी आहे आणि शहरातून आलेले सल्लागार तो विचारातच घेत नाहीत. पोरगा सकाळपासून ऐकतो काय, तर "माले पानी दे", "माले भूक लागनी". आणि मोबाइल त्याला म्हणतो "मला पाणी हवे आहे". हे वाक्य त्याच्या घरात कुणीच बोलत नाही ना! मग तो ते बटण का दाबेल, त्याच्यासाठी तो टीव्हीतल्या बाईचा आवाज. तेव्हा नवीन बटण बनवायची सोय वापरा, आणि तिथे शब्द अहिराणीतच देवनागरीत टाइप करा, मोबाइलचा मराठी वाचणारा आवाज ते बऱ्यापैकी म्हणतो. ज्या ॲपमध्ये आपला आवाज भरता येतो तिथे तर तुमचाच आवाज भरा, किंवा घरातलं आठ-दहा वर्षांचं एखादं पोर असेल तर त्याचा, कारण तुमचा मुलगा लहान आहे, त्याच्या तोंडी मोठ्या बाईचा आवाज बरा वाटत नाही. चित्रं पण आपल्या घरचीच घ्या. ॲपमधली भाकरी म्हणजे गोल पिवळं काहीतरी असतं, तुमच्या तव्यावरच्या कळण्याच्या भाकरीचा फोटो काढा, तुमच्या माठाचा, तुमच्या ओट्याचा. कुणी म्हणेल की मग शाळेत मराठी कशी येईल, तर येईल, आधी एका भाषेत सांगता येऊ द्या, दोन भाषांनी ऑटिझमच्या मुलांचं नुकसान होत नाही.

सुरुवात कशी करायची, तर पहिले काही आठवडे त्याला काही विचारूच नका. "सांग हे काय, दाब बटण" हे अजिबात नाही. तुम्ही स्वतः बोलता बोलता दाबा. पाणी देताना पाणी दाबा, झोका देताना झोका दाबा, त्याने बघितलं नाही तरी चालेल. लहान बाळाशी आपण वर्षभर बोलतो तेव्हा कुठे ते पहिला शब्द काढतं, याला पण तेवढं ऐकू द्या आणि बघू द्या. आणि पहिली बटणं शू आणि जेवण एवढीच ठेवू नका, ती आपल्या सोयीची झाली. त्याला जे जीवापाड आवडतं ते ठेवा. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याच्या आईने पंधरा बटणं केली होती आणि तो एकालाही हात लावत नव्हता, मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) त्यांच्याकडे लिंबाला झोका बांधला आणि तिने त्याचा फोटो टाकला, तर दुसऱ्या दिवशी पोराने मोबाइल आणून तिच्या मांडीवर ठेवला आणि झोका दाबला, नंतर पंधरा दिवस तेवढा एकच शब्द, दिवसातून पन्नास वेळा. आईला वाटलं बिघडलंय काहीतरी. मला तर आनंदाने झोप नव्हती आली.

"नको" हे बटण पहिल्या दिवसापासून ठेवा, "थांब" आणि "मदत" पण. आणि त्याने नको दाबलं तर शक्य तिथे खरंच थांबा. औषध असेल, आंघोळ असेल, तर "कळलं, तुला नकोय, पण हे करावं लागेल" एवढं तरी म्हणा. नको म्हणून काहीच झालं नाही तर तो दाबायचं सोडेल आणि परत डोकं आपटेल.

मोबाइलसाठी रडतो त्यावर उपाय असा की बोलायचा मोबाइल वेगळा. घरात जुना पडलेला असेल, स्क्रीनला तडा गेलेला पण चालेल, त्यात सिम नको, यूट्यूब नको, गेम नको, फक्त हे ॲप. सेटिंगमध्ये ॲप पिन करायची सोय असते, ती चालू केली की तो बाहेर जाऊ शकत नाही. पट्टी लावून गळ्यात अडकवून द्या. आणि काही झालं, त्याने ताट फेकलं, कुणाला चावला, तरी तो मोबाइल शिक्षा म्हणून काढून घ्यायचा नाही. यूट्यूबचा काढा पाहिजे तर. हा काढला म्हणजे पोराच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं आहे. चित्रांच्या जागा पण सारख्या बदलू नका, त्याच्या बोटाला जागा पाठ होते, आपण किचनमध्ये अंधारात पण मिठाचा डबा बरोबर उचलतो तसं.

लाइट जाते, चार्जिंग संपतं, तेव्हासाठी तीच चित्रं प्रिंट करून लॅमिनेट करून रिंगमध्ये ओवून ठेवा. थेरपीला एसटीने आठवड्यातून एकदाच जाता ना, मग उरलेले सहा दिवस थेरपी तुमच्या ओट्यावरच होणार आहे, आणि सासूबाईंना त्यात घ्या, त्यांच्या आवाजात एक बटण भरा. "आजीकडे जायचंय" असं काहीतरी. तो दाबेल तेव्हा त्यांना जे वाटेल ते मी इथे लिहून समजावू शकत नाही.

प्रश्न: माझा नातू तीन वर्षांचा आहे, पुण्यात असतो. बोलत नाही, नाव घेतलं तर बघत नाही. नातेवाईक म्हणतात जास्त मोबाइल दाखवल्याने ऑटिझम झाला, मोबाइल बंद करा, सहा महिन्यात बरा होईल. सून रडते, तिला वाटतं तिचीच चूक. हे खरं आहे का?
(एक आजोबा, नंदुरबार)

आबा, मोबाइलमुळे ऑटिझम होत नाही. लसीमुळे पण होत नाही, तेही बोललं जातं म्हणून सांगून ठेवते. मेंदूची घडणच पोटात असल्यापासून वेगळी होत जाते, त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे, सुनेची काहीएक चूक नाही आणि हे तुम्हीच तिला फोन करून सांगा, घरातल्या मोठ्या माणसाने सांगितलं की फरक पडतो.

हां, तासन्‌तास स्क्रीनसमोर बसलेल्या मुलाचं बोलणं उशिरा येऊ शकतं, कारण त्या वेळात त्याच्याशी कुणी बोलतच नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचं म्हणणं आहे की २ वर्षांच्या आत स्क्रीन नकोच (घरच्यांशी व्हिडिओ कॉल तेवढा चालतो), २ ते ५ मध्ये दिवसाला जास्तीत जास्त १ तास. तेव्हा मोबाइल कमी करा, नक्की करा, पण सहा महिने थांबून बघू असं मात्र करू नका. मोबाइल कमी करणं आणि तपासणी, दोन्ही एकाच वेळी करा. नावाला ओ न देणं, बोट दाखवून न सांगणं, हे तिसऱ्या वर्षी असेल तर लगेच तपासणी हवी. सरकारी जिल्हा रुग्णालयात लवकर तपासणी आणि उपचाराचं केंद्र असतं, त्याला डीईआयसी म्हणतात, तिथे १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना बघतात. तुमचा व्हिडिओ कॉल चालू ठेवा, फक्त त्यात "आजोबांना हाय कर" असं करण्यापेक्षा रोज एकच गोष्ट करा, टाळी वाजवा, टोपी डोक्यावर ठेवून पाडा, त्याला ती कळायला लागली की वाट बघेल.

प्रश्न: मी जिल्हा परिषद शाळेत दुसरीला शिकवतो. पटावर ३४ मुलं. एक मुलगी ऑटिझमची आहे. परिपाठाला कान झाकते, घंटा झाली की पळते, पण स्मार्ट टीव्ही लावला की समोर जाऊन चिकटते आणि जाहिराती जशाच्या तशा म्हणते. शाळेत एक टॅबलेट आहे. त्यावर तिच्यासाठी कुठलं ॲप टाकू म्हणजे ती शिकेल?
(एक शिक्षक, साक्री तालुका)

सर, तुम्ही विचारलंत हेच मला फार बरं वाटलं, कारण पुष्कळ ठिकाणी अशा मुलीला मागच्या बाकावर बसवून शांत राहते म्हणून सोडून देतात. पण ॲपच्या आधी तुमच्या खिशातल्या मोबाइलचा कॅमेरा वापरू या, माझ्या मते शाळेसाठी तेच सगळ्यात मोठं तंत्रज्ञान आहे.

तिचा दिवस फोटोत मांडा. परिपाठ, वाचन, गणित, खिचडी, खेळ, घर. तुमच्याच वर्गाचे, तुमच्याच मुलांचे फोटो, गावात झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट निघतात. एका पट्टीवर वरून खाली लावा, एक गोष्ट झाली की तिने तो फोटो काढून डब्यात टाकायचा. आता काय आणि नंतर काय हे तिला दिसायला लागलं की तिचं पळणं कमी होईल, कारण तुमची घंटा तिच्यासाठी अचानक येते, आपल्याला कुणी रोज मागून येऊन दचकवलं तर आपण पण पळू. घंटेच्या पाच मिनिटं आधी टॅबलेटवर टायमर लावून द्या, असा की ज्यात रंगाचा भाग कमी कमी होत जाताना दिसतो, आकडे उलटे मोजणारा नको, तिला वेळ दिसला पाहिजे. अलार्मचा आवाज बंद ठेवा.

कानाचं म्हणाल तर परिपाठाला तिला लाउडस्पीकरपासून लांब, शेवटच्या रांगेत उभं करा, आणि कारखान्यात मशीनवर काम करणारे कानावर घालतात ते इअरमफ मिळतात, हार्डवेअरच्या दुकानात विचारा. थोडा वेळ घालायचे, दिवसभर नाही. स्मार्ट टीव्हीचा आवाज कमी करून बघा, ३४ पोरांना तो पुरतो का ते पण बघा, बहुतेक पुरतो.

मग व्हिडिओ. मला सगळ्यात जास्त फायदा याचाच दिसलाय. खिचडीच्या वेळी हात धुणं, ताट घेणं, रांगेत उभं राहणं, याचा ३०-४० सेकंदांचा व्हिडिओ काढा, वर्गातल्या दोन शहाण्या मुलींचा, मागे गोंगाट नको, तुम्ही एकच वाक्य बोला. रोज खिचडीच्या आधी तिला एकदा दाखवा आणि लगेच तिकडे न्या. यात बघून करायचं असतं, सांगून करायचं नसतं, म्हणून या मुलांना जमतं, आणि यावर अभ्यास पण चांगला झालेला आहे. ती पहिल्यांदा रांगेत उभी राहिली की तिचाच व्हिडिओ काढा, नंतर तोच दाखवा. फक्त तिच्या आईवडिलांना आधी विचारा, आणि तो व्हिडिओ शाळेच्या ग्रुपवर कधीच टाकू नका, कौतुकाने पण नाही. तिला नाही म्हणता येत नाही, म्हणून ते आपण सांभाळायचं.

जाहिराती म्हणते त्याबद्दल तिला गप्प करू नका, तिचं शिकणं तिथूनच चाललंय. एक वाक्य पूर्ण ऐकून तसंच म्हणणं ही भाषेची सुरुवात असते या मुलांची, आणि कधी कधी त्यात अर्थ पण असतो, साबणाची जाहिरात म्हणत असेल तर तिला हात धुवायचे असू शकतात. कोणती जाहिरात ती कुठल्या वेळी म्हणते हे आठवडाभर वहीत टिपा, बघा तुम्हालाच कळेल. तिच्या आवडत्या जाहिरातीतले शब्द टॅबलेटवर मोठ्या अक्षरात टाइप करून दाखवा, वाचन तिथूनच निघेल.

आणि एकट्याने करू नका. समग्र शिक्षाचे विशेष शिक्षक तुमच्या गटसाधन केंद्रात असतात, त्यांना लेखी कळवा. एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲप शिक्षकांसाठी आहे, त्यात कुठल्या मुलाला तपासणीची गरज आहे ते प्रश्नांच्या यादीवरून कळतं, त्याने निदान होत नाही पण पुढे पाठवायला आधार मिळतो. ३४ मध्ये आणखी एखादं मूल असू शकतं, जे पळत नाही म्हणून दिसत नाही.

प्रश्न: मुलगा १५ वर्षांचा, नववीत आहे. बोलतो, हुशार आहे, रेल्वेचं सगळं वेळापत्रक पाठ. पण लिहायला बसला की अर्ध्या तासात चार ओळी, अक्षर कुणाला वाचता येत नाही. पेपर कोरा सोडून येतो. दिवसभर मोबाइलवर रेल्वेचे व्हिडिओ बघतो. दहावीचं कसं होईल?
(एक वडील, भुसावळ)

भाऊ, त्याला उत्तर येत नाही आणि त्याला लिहिता येत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शाळा दोन्ही एकच धरतेय असं दिसतं. आज संध्याकाळी हे करून बघा, इतिहासाचा एक प्रश्न विचारा आणि त्याला मोबाइलच्या कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलू द्या, मोबाइल टाइप करेल. आपला खान्देशी हेल असला की काही शब्द चुकतात, ते त्याला नंतर दुरुस्त करू द्या. बहुतेक तुम्हाला दिसेल की उत्तर येतंय. मग हळूहळू टायपिंग शिकवा, रोज १५ मिनिटं, लॅपटॉप नसेल तर मोबाइलला लागणारा छोटा कीबोर्ड मिळतो. हाताने लिहिणं सोडू नका पण सही, फॉर्म, छोटी उत्तरं एवढ्यापुरतं ठेवा.

दहावीसाठी कागद आत्तापासून हवेत, दहावीत गेल्यावर नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ज्या २१ प्रकारांची नोंद आहे त्यात ऑटिझम आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढा, तिथे ४० मुद्द्यांच्या भारतीय मोजपट्टीवर गुण काढून टक्केवारी ठरवतात. त्या दिवशी मुलाला बरं वाटावं म्हणून "हो हो, येतं त्याला" असं म्हणू नका, काय जमत नाही ते नीट सांगा, घरचे व्हिडिओ असतील तर दाखवा. प्रमाणपत्र असलं की परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, आणखीही सवलती आहेत, मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करावा लागतो. लेखनिकाबरोबर बोलून उत्तर सांगायची सवय नववीतच लावा, ऐन पेपरात अनोळखी मुलगा शेजारी बसला तर तो गप्प होऊन जाईल. कार्ड हातात आलं की निरामय योजनेचा विमा पण बघा, १ लाखापर्यंत आहे, थेरपीचा खर्च त्यात बसतो.

रेल्वेचे व्हिडिओ बंद करू नका हो. त्याचं जग आहे ते. फक्त ठराविक वेळ ठेवा आणि ती वेळ त्याला लिहून द्या. आणि तीच रेल्वे अभ्यासात आणा. वेग, वेळ, अंतराची गणितं भुसावळ जंक्शनवर करा, भूगोल रुळांवरून शिकवा, उत्तर लिहिताना त्याला गाडीचे डबे काढून द्या, इंजिनमध्ये मुख्य मुद्दा, प्रत्येक डब्यात एक कारण, शेवटच्या डब्यात निष्कर्ष. कोऱ्या पानाची त्याला धास्ती आहे, डब्यांची नाही.

अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही. या वयात तो मोबाइलवर लोकांशी बोलायला लागेल, रेल्वेच्या ग्रुपमध्ये जाईल, आणि जो गोड बोलेल त्याला तो खरा मित्र समजेल. "ओटीपी कुणालाच द्यायचा नाही, पोलीस म्हणाला तरी नाही, फोटो मागितला तर आधी पप्पांना दाखवायचा" असे नियम कागदावर लिहून मोबाइलच्या मागे चिकटवा. सावध राहा एवढं सांगून या मुलांना कळत नाही, नियम कळतो.

प्रश्न: एका ठिकाणी सांगितलं की अक्षरांच्या बोर्डवर मुलाचा हात धरून बसलं की न बोलणारा मुलगा पण टाइप करतो. आमच्या समोर त्यांनी हात धरला तर माझ्या सात वर्षांच्या मुलीने "आई मला माफ कर" असं लिहिलं. मी खूप रडले. तिला अक्षरओळख आम्ही केलेलीच नाही. फी बरीच आहे. करावं का?
(एक आई, चोपडा)

ताई, तुमचं पत्र वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. ते वाक्य तुमच्या मुलीचं नसावं. हात धरून टाइप करवण्याची ही पद्धत जुनी आहे, परदेशात तिच्या खूप चाचण्या झाल्या, मुलाला एक चित्र दाखवलं आणि हात धरणाऱ्याला दुसरं, तर टाइप झालं ते हात धरणाऱ्याने बघितलेलं. त्याला स्वतःला पण कळत नाही की हात आपण नेतोय, म्हणजे दर वेळी फसवणूकच असते असंही नाही. अमेरिकेतल्या वाचा-तज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं की ही पद्धत वापरू नका.

तुम्हाला खात्री करायची असेल तर घरी तिला एक वस्तू दाखवा जी त्या माणसाला माहीत नाही, मग तिथे नेऊन विचारा आज घरी काय बघितलं. नाही म्हणतील, वातावरण बिघडतं म्हणतील. मग तुम्ही पण पैसे देऊ नका.

तिच्याकडे सांगायला काही नाही असा याचा अर्थ अजिबात घेऊ नका. तिचा स्वतःचा हात, स्वतःचं बोट, कुणी न धरता, चित्रावर. वर पारोळ्याच्या ताईंना लिहिलंय ते सगळं तुमच्यासाठी पण आहे. हळू होईल. पण तिने "चिक्की" दाबलं तर ते तिचं असेल, आणि तुमची माफी मागायचं तर तिला काही कारणच नाही.

प्रश्न: मी अकरावीत आहे. माझा भाऊ ९ वर्षांचा आहे, घरात टॅबवर बटण दाबून छान सांगतो. पण लग्नात, यात्रेत मम्मी टॅब घरी ठेवते, लोक हसतात म्हणते. मग तो तिथे ओरडतो आणि आम्ही लवकर निघतो. मी काय करू शकते?
(एक बहीण, अमळनेर)

बाळा, तू मम्मीवर चिडू नकोस, लोकांच्या नजरा ती तुझ्यापेक्षा जास्त वर्षं झेलतेय. पण टॅब बरोबर न्यायचाच, हे तू तिच्याशी शांतपणे बोल. तो ओरडतो कारण त्याचं बोलणं घरी राहिलंय. जड पडत असेल तर तेच ॲप जुन्या मोबाइलमध्ये टाक, चित्रं त्याच जागी ठेव, गळ्यात अडकव.

जायच्या आधी तू दोन कामं कर. एक, तिथे लागतील अशी बटणं बसव, "आवाज जास्त आहे", "बाहेर जाऊ", "घरी कधी जायचं", आणि डीजेपासून लांबची एक जागा आधीच बघून ठेव, बाहेर जाऊ दाबलं की कुणालाही न विचारता त्याला तिथे न्यायचं. दुसरं, चुलत-मामेभावंडांचे फोटो टाक आणि त्या प्रत्येकाकडून त्याच्याच आवाजात नाव भरून घे, खेळ म्हणून कर, पोरं रांग लावतात. मग तो नाव दाबेल, ते पोर ओ देईल. एखादं चिडवायचं बटण पण टाक, "ए गुंड्या" असं काहीतरी, नऊ वर्षांचा आहे तो, नुसतं पाणी आणि शू मागायला थोडीच आलाय लग्नात. मोठी माणसं बघत राहतील थोडा वेळ, बघू दे. कुणी विचारलंच तर टॅब त्यांच्या पुढे कर आणि म्हण, "त्याच्याशी बोला, तो सांगेल."

कानबाईच्या सणाला यंदा सगळे घरी येणार असतील ना, तर आठ दिवस आधीच प्रसादाच्या रोटाचा फोटो काढून बटण बनव, आणि चार्जर पिशवीत सगळ्यात वर ठेव.